ज्येष्ठमधाचं खातं

मार्केट यार्डात तेवीस वर्षं गुळाचे सौदे पुकारले.
रव्याला टोच मारून चिमूट जिभेवर ठेवायची
आणि डोळे मिटून सांगायचं,
कुठल्या गुऱ्हाळात भेंडी कमी पडली,
कुणाची कढई लागली.

दिवाळीच्या तोंडाला गळा बसला.
छत्तीसशे, छत्तीसशे पन्नास,
पुढचा आकडा घशातच.
भाऊसो मगदूम म्हणाला,
"ज्येष्ठमध चघळ, बाबगोंडा.
झाडाची मुळी हाय. तिनं कुणाचं काय वाईट केलंय?"

महाद्वार रोडवरनं पाव किलो आणला.
आठ दिवसांत आवाज परत,
थेट पत्र्याला जाऊन थडकणारा.
आठ दिवसांवर थांबायचं होतं
हे कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
सकाळी काढा, रात्री मधातनं चूर्ण,
मधल्या वेळी हात आपोआप खिशात.
गोड लागायचं.
गुळाच्या माणसाला गोडाचा संशय येत नाही.

मग कापशी चप्पल चढेना.
पट्ट्याचा वळ पायावर रात्रीपर्यंत तसाच.
अंगठ्यानं दाबलं की खड्डा पडायचा,
कोवळ्या रव्यात पडतो तसा.
मांड्या म्हणजे ओली गोणपाटं.
बायको म्हणाली, "रंकाळ्याला पायरी मोजून उतरताय,
कधीपासनं?"
एका मंगळवारी सौद्यात हात वर केला
आणि तो वर राहिना.
लोकांना वाटलं, सौदा तुटला.

नेजकर वैद्यबाईंनी नाडी धरली,
मग दंडाला पट्टा बांधला.
एकशे ऐंशी.
सोडला, पाणी दिलं, थोड्या वेळानं पुन्हा बांधला.
"काय काय घेता?"
"प्रेशरची गोळी. पाण्याची गोळी. बास."
"आणि तुमच्या मते जे औषध नाही, असं काय काय घेता?"

तेव्हा खिसा उलटा केला.
सात कांड्या, एक पुडी, विड्याचा दोरा.
बाईंनी ते तागडीत घातलं.
मला वाटलं, भाव करतायत.
"रोज एवढं?"
"दिवाळीपासनं."
बाहेर पोरं होळीच्या शेण्या गोळा करत होती.

त्या रागावल्या नाहीत.
"मुळीला बोल लावू नका, तिनं तिचं काम केलं.
ती अंगात मीठ धरते, पाणी धरते, पोटॅशियम घालवते.
तुमची पाण्याची गोळीही तेच घालवते.
दोघींनी मिळून घर रिकामं केलं तुमचं.
गुण आला तर औषधाचा
आणि त्रास झाला तर नशिबाचा,
असा हिशेब कुठल्या पेढीत चालतो, बाबगोंडा?"

त्याच पायी रिक्षात घातलं. राजारामपुरीच्या डॉक्टरांना
त्यांनीच फोन केला, सगळं सांगितलं, वजनासकट.
दोन दिवस छातीला वायरी, हाताला सुई.
शेजारचा म्हातारा विचारायचा, काय खाल्लंत?
गोड, म्हणायचो. त्याला वाटायचं, साखर आहे मला.

आता पेढीची जुनी वही केली आहे.
डाव्या पानावर जमा, उजव्यावर नावे.
काय घेतलं, किती, कुणी सांगितलं,
कुठल्या गोळीबरोबर, कधी थांबायचं.
"थांबायचं" हा रकाना बाईंनी स्वतः आखला,
पट्टी नव्हती म्हणून थोडा तिरका.
पहिली नोंद माझ्या अक्षरात:
जमा, आवाज.
नावे, पाय.

पाय आले परत. आवाज थोडा गेला.
खारीक फोडावी तसा निघतो आता,
व्यापारी दोन पावलं जवळ येऊन ऐकतात.
परवा नवा पोरगा आला हाताखाली,
हणबरवाडीचा, आवाज खणखणीत,
गालात कायतरी धरून पुकारत होता.
सौदा अर्ध्यावर होता. तरी थांबवलं त्याला.
म्हणालो,
"काय हाय तोंडात? किती दिवस?"